इंजेक्शनं कमी पडली, तरी सोडत निघाली नाही

एप्रिल २०२१ मध्ये नागपूर जिल्ह्यात दिवसाला कोविडचे सात हजारांवर नवे रुग्ण सापडत होते आणि रेमडेसिविर हे विषाणूवरचं इंजेक्शन कुठेच मिळत नव्हतं. अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने राज्य सरकारला १० हजार व्हायल (कुप्या) तातडीने नागपूरला देण्याचा आदेश दिला. रेमडेसिविरचा पाच दिवसांचा कोर्स सहा व्हायलचा. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम म्हणजे दोन, पुढे चार दिवस रोज एक. दहा हजाराला सहाने भागलं की १,६६६ रुग्ण होतात.

आता दुसरा हिशेब. एखाद्या औषधाने दाखल रुग्णांतले मृत्यू शंभरात २० वरून १६ वर येतात, असा अंदाज आहे. तो खरा आहे का हे तपासायचं, तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्राने औषध मिळालेल्या गटात सुमारे १,४५० आणि न मिळालेल्या गटात तेवढेच रुग्ण लागतात. (फरक खरोखर असेल, तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के धरून.) म्हणजे एका आदेशातल्या व्हायलींत एका गटाची पूर्ण सोय होत होती. दुसरा गट तयारच होता, तो इंजेक्शनाविना खाटेवर होता. कोण कुठल्या गटात जाणार हे सोडतीने ठरलं असतं आणि दोन्हीकडच्या मृत्यूंची नोंद झाली असती, तर त्या भयंकर महिन्यातून निदान एक उत्तर हाती आलं असतं. प्रत्यक्षात ओळख, पैसा आणि नातेवाइकांची धावपळ यांनी ते ठरवलं. इंजेक्शन मिळूनही दगावलेले आणि न मिळता वाचलेले असे दोन्ही प्रकारचे लोक आपल्या आसपास आहेत. त्यांच्याकडे बघून औषधाबद्दल काहीच सांगता येत नाही.

साथीत जुनी औषधं नव्या आजारावर वापरून पाहिलीच पाहिजेत, या मताचा मी आहे. नवं औषध प्रयोगशाळेतून दुकानात यायला दहा-बारा वर्षं लागतात आणि साथ तेवढी थांबत नाही. जुन्या औषधाचा डोस ठाऊक असतो, दुष्परिणाम ठाऊक असतात, कारखाने चालू असतात, गांधीबागेच्या घाऊक बाजारात माल पडलेला असतो. पण ही औषधं सोडतीनेच द्यावीत, आणि सोडतीची यंत्रणा साथ नसतानाच उभी करावी. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, मिहानमधलं एम्स आणि सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय, एवढं पंचाहत्तर किलोमीटरच्या पट्ट्यात असताना ही सुरुवात नागपूरने करावी.

जुन्या औषधाचं नाव पुढे येतं ते बहुतेक वेळा काचेच्या बशीतून. पेशी वाढवायच्या, त्यांत विषाणू सोडायचा, वर औषध घालायचं आणि विषाणू घटतो का ते पाहायचं. २०२० मध्ये हिवतापावरचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असंच पुढे आलं. ते पेशीच्या आतल्या पिशव्यांमधली आम्लता कमी करतं आणि त्या वाटेने आत शिरणारा विषाणू अडतो. प्रयोगातल्या व्हेरो पेशी मात्र आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या होत्या. माणसाच्या फुप्फुसातल्या पेशीवर टीएमपीआरएसएस२ नावाचं विकर (एन्झाइम) असतं, त्याच्या मदतीने विषाणू थेट पेशीच्या पृष्ठभागावरूनच आत घुसतो. त्याला पिशवीची वाट लागतच नाही. फुप्फुसाच्या पेशींवर तोच प्रयोग झाला तेव्हा औषध निष्प्रभ ठरलं. हे जुलै २०२० मध्ये छापून आलं. तोवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कृती दलाने आरोग्य कर्मचाऱ्यांना ते प्रतिबंधक म्हणून सुचवून चार महिने होत आले होते: पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग सात आठवडे आठवड्याला ४००.

आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाबाबतची चूक साध्या त्रैराशिकाची होती. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात ५ मायक्रोमोलर इतकं औषध घातल्यावर ४८ तासांत विषाणू सुमारे पाच हजार पटीने घटला. हा पाच हजाराचा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघरी गेला. ५ मायक्रोमोलर म्हणजे दर मिलिलिटरमागे सुमारे ४,४०० नॅनोग्रॅम. १२ मिलिग्रॅमची नेहमीची गोळी घेतल्यावर रक्तात जेमतेम ५० नॅनोग्रॅमच्या आसपास पोहोचतं. बशीतली पातळी गाठायला नव्वदेक पट डोस लागेल आणि तेवढा कुणी सोसणार नाही. हे गणित एप्रिल २०२० मध्येच कागदावर मांडता येत होतं. तरी एप्रिल-मे २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शनात सौम्य रुग्णांसाठी आयव्हरमेक्टिन होतं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ते पूर्ण वगळलं गेलं. ब्राझीलमधल्या १,३५८ रुग्णांच्या सोडतीच्या चाचणीनेही पुढे त्याचा उपयोग नसल्याचं दाखवलं.

बशीतला तिसरा सापळा तज्ज्ञांनाही चकवून गेला. हृदयाचे ठोके नियमित करणारी, नैराश्यावरची, हिवतापावरची अशी एकमेकांशी संबंध नसलेली कितीतरी औषधं बशीत विषाणू थांबवत होती. जून २०२१ मध्ये त्यामागचं कारण समोर आलं. या औषधांच्या रेणूंचा एक भाग धनभारित आणि दुसरा चरबीप्रेमी असतो. ती पेशीत साठतात, तिथल्या फॉस्फोलिपिडांचा निचरा बिघडवतात आणि त्या बिघाडामुळे विषाणूची वाढ खुंटते. शरीरात याचा काही उपयोग होत नाही. म्हणून एखाद्या औषधाने बशीत काम केलं असं कुणी सांगितलं, की पेशी कुठली आणि रक्तात तेवढी पातळी गाठता येते का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. दोन्हीचं उत्तर तासाभरात काढता येतं.

यापेक्षा मोठी गफलत दिवसांची झाली. कोविडमध्ये साधारण पहिला आठवडा विषाणूचा असतो. नंतर ज्याची तब्येत बिघडते, त्याची ती बहुतांशी शरीराच्या स्वतःच्याच प्रतिक्रियेने, सुजेने बिघडते. त्यामुळे विषाणूवरचं औषध लवकर आणि सुजेवरचं उशिरा, इतका सरळ क्रम आहे. दुसऱ्या लाटेत तो कितीदा उलटा झाला! तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्टेरॉइड सुरू आणि दहाव्या दिवशी, एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) स्कोअर वाढल्यावर, रेमडेसिविरसाठी पळापळ. जोखमीच्या पण घरीच असलेल्या रुग्णांना लक्षणांच्या पहिल्या सात दिवसांत, फक्त तीन दिवस रेमडेसिविर दिल्यावर दाखल व्हायची वेळ ५.३ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आली. हे २०२१ च्या अखेरीस छापून आलं. औषध तेच, फक्त दिवस वेगळा.

डेक्सामेथासोनची गोष्ट तर प्रत्येक नागपूरकराला पाठ असायला हवी. १९५० च्या दशकातलं, कुठल्याही औषध दुकानात काही रुपयांत मिळणारं, सूज कमी करणारं हे स्टेरॉइड. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत २,१०४ रुग्णांना ते दिलं, ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार दिले. डोस रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. आपल्याकडच्या ४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या व्हायलमधून हे दीड मिलिलिटर होतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, म्हणजे आठेक रुग्णांमागे एक जीव वाचला. ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात औषध न घेणाऱ्यांतले १४ टक्के दगावले, घेणाऱ्यांतले १७.८. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण त्यात फायद्याची खूण कुठेच नाही. १६ जून २०२० ला हे जगजाहीर झालं. त्यानंतर दहा महिन्यांनी आपल्याकडे घरी बसलेल्या, ऑक्सिजन ९७ असलेल्या रुग्णांच्या चिठ्ठीवर स्टेरॉइड होतं, आणि रुग्णालयात ६ मिलिग्रॅमच्या कितीतरी पट डोस. कमी डोस चांगला तर जास्त आणखी चांगला, हा समजही पुढे तपासला गेला. व्हेंटिलेटरवर नसलेल्या, ऑक्सिजन नसलेल्या किंवा साधा ऑक्सिजन घेणाऱ्या रुग्णांना २० मिलिग्रॅमपासून सुरू होणारा वाढीव डोस दिल्यावर १९ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांत १२ टक्के.

या अतिरेकाची किंमत विदर्भाने म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या रूपाने मोजली. साखर आटोक्यात नसलेला मधुमेह आणि त्यावर स्टेरॉइडचा मारा, ही जोडी त्या रुग्णांत पुन्हापुन्हा दिसली. त्यावरच्या लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन या औषधाचा डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, ५० मिलिग्रॅमच्या सहा व्हायल, आणि हे आठवडेच्या आठवडे. सोबत जबडा किंवा डोळा काढायची शस्त्रक्रिया. एका स्वस्त औषधाचा चुकीचा दिवस आणि चुकीचा डोस माणसाला इथवर नेतो. म्हणून "जुनं औषध आहे, दिलं तर काय बिघडतं" हे वाक्य मला सहन होत नाही.

आता "आमच्याकडे शंभर जणांना दिलं, अठ्ठ्याण्णव बरे झाले" याबद्दल. घरी राहिलेल्या सौम्य रुग्णांत काहीही न देता एवढेच बरे होतात. ज्या आजारात शंभरात एक दगावतो, तिथे औषधाने मृत्यू एक टक्क्यावरून ०.८ वर आणला का हे तपासायला दोन्ही गटांत प्रत्येकी सुमारे ३५ हजार माणसं लागतील. कुठल्याही डॉक्टरचा अनुभव, तो कितीही प्रामाणिक आणि मोठा असो, हा फरक पाहू शकत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला जगभर हवा देणारा फ्रान्समधला अभ्यास अवघ्या ३६ रुग्णांचा होता, आणि औषध घेणाऱ्यांतले सहा जण हिशेबातून गळाले होते. त्यांतले तीन अतिदक्षता विभागात गेले होते, एक दगावला होता. तो शोधनिबंध डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. आपल्याकडे फॅविपिराविर हे विषाणूवरचं औषध जून २०२० मध्ये मंजूर झालं. सुरुवातीला गोळी १०३ रुपयांना. पहिल्या दिवशी १८ गोळ्या, मग रोज आठ. पूर्ण चौदा दिवस घेतल्या तर १२२ गोळ्या आणि साडेबारा हजार रुपये. त्यामागची तिसऱ्या टप्प्याची चाचणी १५० रुग्णांची होती आणि तिच्या मुख्य निकषावरचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. सोरायसिस या त्वचारोगावरच्या इटोलिझुमॅबला परवानगी मिळाली ती ३० रुग्णांच्या चाचणीवर. सेवाग्रामच्या डॉ. एस. पी. कलंत्री यांनी अशा पुराव्याविना चाललेल्या उपचारांवर तेव्हा जाहीरपणे टीका केली होती. ती इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर झाली, तरी फार थोड्यांनी ऐकली.

भारताला अशा चाचण्या जमत नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा रुग्णाला देण्यावरची आपली प्लॅसिड चाचणी २०२० च्या एप्रिल ते जुलैत ३९ रुग्णालयांत, ४६४ रुग्णांवर झाली, तीही टाळेबंदीत. प्लाझ्माने उपयोग होत नाही हे तिने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. तरी मार्गदर्शनातून प्लाझ्मा निघायला १७ मे २०२१ उजाडला. त्या सात महिन्यांत किती कुटुंबं दाता शोधत वणवण फिरली! आपल्याच चाचणीचं उत्तर आपणच सात महिने बाजूला ठेवलं, याचा मला राग आहे. दुसरं उदाहरण जास्त आशादायक आहे. स्क्रब टायफस या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापावर डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं वेगवेगळी द्यावीत की एकत्र, हा प्रश्न भारतातल्या सात केंद्रांनी सुमारे आठशे गंभीर रुग्णांवर सोडतीने सोडवला. एकेक औषधाने ४७-४८ टक्के रुग्णांत गुंतागुंत, ताप टिकणं किंवा मृत्यू झाला, एकत्र दिल्यावर ३३ टक्के. हे २०२३ मध्ये छापून आलं. दोन्ही औषधं जुनी, स्वस्त, कोविडच्या चिठ्ठीवर फुकट गेलेली. योग्य आजारावर, योग्य रीतीने तपासल्यावर तीच उपयोगी ठरली. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसराने स्क्रब टायफसचे मृत्यू पाहिले आहेत, त्यामुळे हा निकाल आपल्या फार जवळचा आहे.

मग यंत्रणा कशी असावी? सर्वांत आधी मसुदा. आजाराच्या नावाची जागा मोकळी ठेवून चाचणीचा आराखडा आजच लिहून चारही संस्थांच्या नीतिशास्त्र समित्यांकडून तत्त्वतः मान्य करून घ्यायचा. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांत मंजूर औषधाचा नवा उपयोग हेही "नवं औषध" धरलं आहे. मात्र विक्रीची परवानगी मागायची नसेल, तर शैक्षणिक चाचणीला नीतिशास्त्र समितीची मान्यता चालते, दिल्लीच्या औषध नियंत्रकांची वेगळी परवानगी लागत नाही. सरकारी महाविद्यालयांना ही वाट सोयीची आहे. जुन्या औषधाला मालक नसतो, पेटंट संपलेलं असतं, त्यामुळे कुठलीही कंपनी त्यावर पैसे घालणार नाही. हा खर्च राज्य सरकारनेच करायचा आहे. पहिला रुग्ण घेण्याआधी राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत नोंद हवी, म्हणजे निकाल पाहून नंतर निकष बदलता येत नाही.

फॉर्म एका पानाचा हवा. वय, लिंग, लक्षणांचा पहिला दिवस, खोलीतल्या हवेवर ऑक्सिजन किती, ऑक्सिजन कशाने सुरू आहे, मधुमेह, मूत्रपिंड, गर्भारपण. बस. तपासण्यांची लांबलचक यादी जोडली की साथीच्या वॉर्डात फॉर्म रिकामे राहतात. निकषही कुणाच्या मतावर अवलंबून नसलेले ठेवावेत: २८ व्या दिवशी जिवंत की नाही, व्हेंटिलेटर लागला का, घरी कधी गेला. क्ष-किरणात "सुधारणा" किंवा नुसती चाचणी निगेटिव्ह येणं, असल्या निकषांवर फसगत होते.

सोडत मध्यवर्ती संगणकावरून. आज आलेल्यांना औषध, उद्याच्यांना नाही, किंवा सम केस-पेपर नंबरला औषध, विषमला नाही, ही पद्धत सोपी वाटते पण घातक आहे. पुढचा कोणत्या गटात जाणार हे आधी कळलं की दयाळू डॉक्टर तरुण किंवा ओळखीच्या रुग्णासाठी थोडं थांबतो, जास्त आजारी माणसाला औषधाच्या दिवशी घेतो, आणि दोन गट सारखे राहत नाहीत. हेतू चांगला असतो, तरी चाचणी वाया जाते. नेट बंद पडलं तर अपारदर्शक, क्रमांकित, मोहोरबंद पाकिटं हवीत. ती वॉर्डाबाहेरच्या माणसाकडे असावीत आणि रुग्णाचं नाव लिहूनच फोडावीत.

नागपुरात सर्वांत अवघड जाईल तो २८ वा दिवस. मेडिकलला रुग्ण गडचिरोली, गोंदियाहून येतात, तसे छिंदवाडा, बालाघाट, शिवनीहूनही येतात. सुट्टी झाली की माणूस राज्याच्या हद्दीपलीकडेही जातो. म्हणून दाखल करतानाच दोन मोबाइल नंबर घ्यायचे, एक रुग्णाचा आणि एक गावातल्या नातेवाइकाचा, शिवाय आशाताईचं नाव. संमतिपत्र मराठी, हिंदी आणि गोंडीत आधीच तयार हवं. गोंडीचं वाचून दाखवायला ध्वनिमुद्रण हवं, कारण ती लिपीत वाचणारे थोडे. दहा टक्के रुग्णांचा पत्ताच लागला नाही, तर चार टक्क्यांचा फरक त्यात बुडून जातो.

मरणाच्या दारातल्या माणसासाठी सोडत काढायची, हे क्रूर आहे, असा आक्षेप येतो. तो मनापासूनचा असतो आणि त्याला उत्तर देणं भाग आहे. औषधाचा उपयोग होतो हे ठाऊक असेल, तर सोडत काढणं गुन्हाच. पण ठाऊक नसताना औषध देणं हाही प्रयोगच असतो, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही आणि त्यातून पुढच्या रुग्णाला काही मिळत नाही. शिवाय सोडतीत "न मिळालेल्या" माणसाचं बाकी काहीच काढून घेतलेलं नसतं. ऑक्सिजन, सलाइन, परिचारिका सगळं तेच असतं. कधीकधी न मिळाल्याने काही बिघडतही नाही: रिकव्हरीतल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या चाचणीत औषधाने मृत्यू कमी झाले नाहीत, औषधाच्या गटात २७ टक्के, नेहमीच्या उपचारांत २५ टक्के. आणि साठाच कमी असेल, तर कुणाला तरी मिळणार नाही हे ठरलेलंच आहे. शाळेतल्या आरटीईच्या पंचवीस टक्के जागांसाठी, म्हाडाच्या घरांसाठी आपण सोडत मान्य करतो, कारण रिक्षावाल्याचं आणि आमदाराच्या भाच्याचं नाव तिथे एकाच ड्रममधून निघतं. एप्रिल २०२१ मध्ये रिक्षावाल्याला ती संधी नव्हती.

एक मर्यादा कबूल करायला हवी. एकट्या नागपूरला सगळी उत्तरं मिळणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीच्या २०२२ च्या अंतिम निकालात, ऑक्सिजनवरच्या पण व्हेंटिलेटरवर नसलेल्या रुग्णांत रेमडेसिविरने मृत्यू १६.३ वरून १४.६ टक्क्यांवर आले. एवढा बारीक फरक पकडायला प्रत्येक गटात सात हजारांवर रुग्ण लागतात. त्यासाठी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांनी एकच मसुदा, एकच फॉर्म वापरायला हवा. आपापला वेगळा छोटा अभ्यास करून प्रत्येकाने शोधनिबंध छापायचा मोह आवरावा लागेल, आणि महाविद्यालयांत हाच मोह सर्वांत मोठा आहे.

आणि आधीपासून ते औषध घेणाऱ्यांना विसरायचं नाही. मार्च-एप्रिल २०२० मध्ये निरोगी माणसांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घरात भरून ठेवलं, तेव्हा ल्युपस आणि संधिवाताचे रुग्ण दुकानोदुकानी रिकाम्या हाताने परतत होते. त्यांच्यासाठी ते औषध रोजचं आहे, ल्युपसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजारात, ते बंद झालं तर मूत्रपिंडावर हल्ला होऊ शकतो. कुठल्याही जुन्या औषधाची चाचणी जाहीर करताना, त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाने जुन्या रुग्णांचा तीन महिन्यांचा साठा बाजूला काढून, जुनी चिठ्ठी पाहूनच तो द्यावा.

यंत्रणा वापराविना गंजते, म्हणून तिला दरवर्षी काम हवं. पावसाळ्यात फ्लू असतोच, ऑगस्ट ते ऑक्टोबर स्क्रब टायफस असतो, डेंग्यू असतो. त्यातला एखादा छोटा, खरा प्रश्न घेऊन चारही ठिकाणी दरवर्षी शे-दोनशे रुग्णांची सोडत काढावी. पहिल्या वर्षी तर एवढंच मोजलं तरी पुरे: रात्री दोन वाजता, कॅज्युअल्टीत एकच निवासी डॉक्टर असताना, संमती घेण्यापासून सोडतीचा नंबर हाती पडेपर्यंत किती वेळ गेला. पंधरा मिनिटांच्या वर जात असेल, तर फॉर्ममधले रकाने आणखी कमी करावे लागतील.